शुक्रवारचा वाटा

चाळिशी उलटली की माणसाला चष्मा लागतो. डहाणूच्या स्वप्ना चुरीला कॉलेज लागलं.

आता लागलं म्हणजे कुणी लावलं नव्हतं हो, तिचं तिनेच लावून घेतलं. बेचाळीस वर्षांची बाई, नवरा रेल्वेत सिग्नल खात्यात, मुलगी बारावीला, गच्चीवर चिकूच्या चकत्या वाळवून विकायचा घरगुती धंदा. असा सगळा भरला संसार असताना तिने एक दिवस एमबीएचा फॉर्म भरला. शनिवार-रविवारची बॅच, दोन वर्षं, आणि विषय घेतला उद्योजकता. नवरा विष्णू, माणूस तसा थंड डोक्याचा. त्याने फीचं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "नापास झालीस तर मला सांगू नकोस, म्हणजे मला कुणाला सांगावं लागणार नाही."

शेजारणींनी मात्र सोडलं नाही. एकीने विचारलं, "आता नोकरी करणार का गं?" स्वप्ना म्हणाली, "नाही, धंदाच करणार." त्यावर ती म्हणाली, "मग त्याला शिकायला कशाला लागतं? आपला कोपऱ्यावरचा किराणावाला चौथी शिकलाय, त्याची दोन दुकानं आहेत." खरं सांगायचं तर स्वप्नालाही तेच शोधायचं होतं. तीन वर्षांपूर्वी आठवड्याला चाळीस-बेचाळीस पाकिटं जायची, आजही तेवढीच जात होती. माल चांगला, घेणारे परत मागणारे, आणि धंदा होता तिथेच बसलेला. आपलं नेमकं अडतंय कुठे, हे कुणीतरी शिकलेल्या माणसाने सांगावं, एवढीच तिची इच्छा होती.

तर शनिवारी सकाळी ती डबा घेऊन गाडीत बसायची आणि पंचविशीतल्या पोरापोरींबरोबर बाकावर जाऊन बसायची. सुरुवातीला पोरं तिला बघून उभी राहिली, कारण त्यांना वाटलं बाईच शिकवायला आल्या. शिकवायला होते गौरव सर, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. ते तिला 'मॅडम' म्हणत आणि ती त्यांना 'सर' म्हणे, आणि दोघांनाही पहिले दोन महिने हसू आवरायला लागे. पण माणूस हुशार. शब्दांचा मात्र भारी नाद. फाउंडर काय, इक्विटी काय, पिव्होट काय, फळा भरून जायचा. घरी आल्यावर स्वप्ना मुलीसमोर बसून ते शब्द पाठ करायची आणि मुलगी बारावीची असून आईला ओरडायची, "मनात वाच ना गं."

चौथ्या सत्राला प्रोजेक्ट होता. स्वतःच्या धंद्याचा पूर्ण आराखडा करायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर मांडायचा. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं सोपं आहे. बाकीच्यांना धंदा कल्पनेत उभा करायचाय, तुमचा गच्चीवर उभाच आहे. फक्त आता सगळं मोजायला लागा. जे मोजलं नाही ते तुमचं नाही." हे वाक्य तिला एवढं आवडलं की तिने येतानाच एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा विकत घेतला. इथूनच खरी भानगड सुरू झाली.

गच्चीवर स्वप्ना एकटी नव्हती. रूपी वरठा तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. गंजाडच्या एका पाड्यावरून सकाळच्या एसटीने यायची आणि संध्याकाळी परत जायची. वयाने स्वप्नाहून दोन-तीन वर्षांनी मोठी असावी. नक्की आकडा तिलाही माहीत नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. चिकूच्या टोपल्या वाडीतून आल्या की रूपी एकेक फळ हातात घ्यायची, अंगठ्याचं नख सालीवरून हलकेच ओढायची, खालचा रंग बघायची. आणि मग कधी नुसतीच सुरी उचलायची, तर कधी म्हणायची, "आज नको." तिने 'आज नको' म्हटलं की ती टोपली त्या दिवशी बाजूला. कापणं, जाळीच्या ट्रेमध्ये पसरणं, उलटणं, दव पडायच्या आत झाकणं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. आठवडाभराचा माल शुक्रवारी संध्याकाळी पाकिटात भरायचा. वर गच्चीवर रूपी चकत्यांचे वाटे घालायची, म्हणजे हाताने सारखे ढीग करायची. काटाबिटा काही नाही. स्वप्ना खाली मशीनवर पाकिटं बंद करत बसायची. पुढे काटा आल्यावर स्वप्नाने एकेक ढीग तोलून पाहिला, तर दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला कुठे एकशे अठ्ठ्याण्णव, कुठे दोनशे दोन. काट्यालाच लाज वाटावी असा तो हात.

पण त्याच शुक्रवारी आधी दुपारी सगळा वाळलेला माल तोलला तेव्हा तो बेचाळीस पाकिटांचा भरला होता. संध्याकाळी पाकिटं झाली एक्केचाळीस. स्वप्ना म्हणाली, वाळला असेल आणखी थोडा. दुसऱ्या शुक्रवारी एक कमी. तिसऱ्या शुक्रवारीही एकच कमी. तिने वर्गात हे सांगितलं तेव्हा गौरव सर हसले आणि म्हणाले, "ओलावा एवढा शिस्तीचा नसतो, मॅडम. दर आठवड्याला नेमका एक? माल जातोय. कुठे जातोय ते बघा."

कुठे जाणार? वरून खाली यायला जिना एक, आणि जिन्यावरून येणारं माणूस एक. दर शुक्रवारी रूपी खाली उतरायची तेव्हा तिच्या काखेत फडक्याचं गाठोडं असायचं. त्यात चिकूची सालं असतात, तिच्या बकऱ्यांसाठी, असं स्वप्ना पाच वर्षं समजून होती. "जाते बाय," म्हणून रूपी निघायची आणि स्वप्ना मशीनवरची नजरही न उचलता म्हणायची, "सावकाश जा." आता ते गाठोडं तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिला रूपीवर संशय घ्यायचा नव्हता. पण एकदा मोजायला शिकलेला माणूस न मोजता राहू शकत नाही, त्याला ती तरी काय करणार.

विष्णूला सांगितलं, तर तो म्हणाला, "सरळ विचार." हे त्याला सोपं होतं. सिग्नल एकतर लाल असतो नाहीतर हिरवा, मधला पिवळा तो घरी धरत नाही. स्वप्नाने विचारलं नाही. पाच वर्षं जिच्याबरोबर दुपारची भाकरी खाल्ली तिला 'तू चोरलंस का' असं विचारायला जीभ उचलायला हवी ना.

त्याच आठवड्यात सरांनी आणखी एक काम लावलं. जिथे तुमचा माल कधीच गेला नाही अशा ठिकाणी जा आणि वीस अनोळखी माणसांना विचारा, की हे तुम्ही घ्याल का. स्वप्नाने निवडलं उधव्याचा आठवड्याचा बाजार. तलासरीच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून. तिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही, असा तिचा विचार. बाजाराच्या दिवशी गच्ची रूपीवर सोपवून ती एसटीने तलासरीला आणि तिथून शेअरच्या इको व्हॅनमधून उधव्याला गेली. हातात छापील फॉर्म, पेन, आणि पिशवीत चवीला चार पाकिटं.

बाजार भरला होता. सुके बोंबील, मिरच्या, वाल, प्लास्टिकच्या बादल्या, मोबाईलची कव्हरं. एकजण मराठीत भाव विचारतोय, दुसरा गुजरातीत कमी करतोय, आणि दोघांचंही जमतंय. स्वप्ना मिरचीवाल्यांच्या रांगेने जात होती आणि एका बाईसमोर तिचे पाय थबकले. सागाच्या पानांवर छोटे छोटे वाटे लावले होते. चिकूच्या चकत्यांचे. कड किंचित दुमडलेली, जाडी एकसारखी, मध्ये बियांच्या जागा स्वच्छ काढलेल्या. तो हात तिने डोळे मिटून ओळखला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा घालून बाई स्वतःच्याच गच्चीपाशी पोचली होती.

ती उकिडवी बसली. पानामागची बाई पन्नाशीची, नाव हिरी. समोर बसलेली कोण, हे हिरीला माहीत असायचं कारण नव्हतं.

"कुठून आणता हो हे?" स्वप्नाने विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"माझ्या बहिणीचा वाटा हाय," हिरी म्हणाली. "ती गंजाडला दिली. दर शनिवारी धाडून देते. आमी त्याचे बारके वाटे घालतो. पोरांना लय आवडतं."

"बहिणीचा वाटा म्हणजे?"

"धंद्यातला. तिचा डहाणूला धंदा हाय ना. एका बायसोबत."

एका बायसोबत. स्वप्नाने फॉर्म मांडीवर ठेवला आणि बराच वेळ मिरच्यांकडे बघत राहिली. पाकिटावर तिचं नाव, दुकानांत तिची ओळख, कॉलेजात 'मॅडम'. आणि उधव्याच्या बाजारात ती कोण, तर रूपीच्या धंद्यातली एक बाय. तिला राग आला, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याला तिने त्या वेळी नाव दिलं नाही. दोन वाटे विकत घेतले, म्हणजे स्वतःचाच माल पैसे देऊन, आणि विसातला एकही फॉर्म न भरता परत आली. एका गोष्टीची नोंद मात्र तिने नको नको म्हणताना मनात केली. ती तिथे बसली होती तेवढ्यात हिरीची सगळी पानं रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर तिने विषय काढला. वाक्य घोकून आली होती, ते विसरली आणि एकदम म्हणाली, "रूपी, दर शुक्रवारी तू एक वाटा घेऊन जातेस."

रूपी चकत्या उलटत होती. हात न थांबवता म्हणाली, "हो."

चोर असा 'हो' म्हणत नाही. स्वप्ना गडबडली. "मला न विचारता?"

आता रूपीने हात थांबवला. "तुमीच दिला ना, बाय."

"मी? कधी?"

मग रूपीने सांगितलं. पहिल्या वर्षीचं. पहिला माल काळा पडला, आठ दिवसांची मेहनत खड्ड्यात गेली. पुन्हा सगळं केलं, आणि दुसरा माल असा उतरला की एका दिवसात संपला. त्या संध्याकाळी स्वप्ना गच्चीवर येऊन तिचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "रूपी, हे माझं एकटीचं नाही. यात तुझाही वाटा आहे." रूपीने शब्द न शब्द सांगितला. स्वप्नाला तो दिवस आठवला, हात धरलेले आठवले, आणि वाक्यही आठवलं. अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो. सत्काराला बोलतो, निरोपाला बोलतो. तुमच्या कष्टाचा मोठा वाटा आहे म्हणतो आणि चहा पिऊन घरी जातो.

"पुढच्या शुक्रवारी मी एक वाटा बाजूला काढला," रूपी म्हणाली. "खाली येऊन तुमाला दाखवला, का हा माझा. तुमी फोनवर होते. मान हलवली. मंग दर शुक्रवारी न्यायला लागली. गाठोडं काय लपवून नेलं नाय. काखेत धरूनच जात होती."

"पण वाटा म्हणजे..." स्वप्ना सुरू झाली आणि तिलाच पुढचं सापडेना. वाटा म्हणजे काय असतो दुसरा?

"आमी नदीवर मासे मारतो," रूपी म्हणाली, "तवा जेवढी माणसं पाण्यात, तेवढे वाटे. जाळं ज्याचं त्याला एक जास्तीचा. हे समदं तुमचं, गच्ची तुमची, मला मजुरीचा रोजपण भेटतो. म्हणून मी माझा एकच धरला." तिने हातातली चकती उलटून ठेवली आणि म्हणाली, "तुमचं म्हणणं तसं नसेल तं नाय नेणार. पण मंग तसं सांगा, का मी रोजावरची बाय हाय. मी गावात येगळं सांगितलंय. माहेरी पण. तेवढं मला बदलून सांगावं लागंल."

इथे स्वप्नाने जे म्हणायला हवं होतं ते ती म्हणाली नाही. घाबरली. कॉलेजात ती शिकली होती की हिस्सा देणं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे, आधी मूल्य काढतात, सल्ला घेतात, घाई करत नाहीत. ती म्हणाली, "मी विचार करून सांगते."

"बरं," रूपी म्हणाली आणि चकत्या उलटायला लागली.

शुक्रवारी दुपारी माल तोलला, त्रेचाळीस पाकिटांचा. संध्याकाळी पाकिटं झाली त्रेचाळीस. रूपी नुसती सालं घेऊन खाली आली, गाठोडं मशीनजवळ ठेवून स्वतःच सोडून दाखवलं आणि म्हणाली, "जाते बाय." स्वप्नाच्या प्रोजेक्टचा आकडा पहिल्यांदाच जुळला, आणि त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही.

सोमवारी वाडीतून चिकू आले. रूपी टोपल्यांपाशी उभी राहिली आणि विचारलं, "कापू का, बाय?" हे तिने पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं. स्वप्ना त्या वेळी लॅपटॉपवर वाकलेली, ती म्हणाली, "हो, काप ना." रूपीने कापले. पसरले, उलटले, झाकले, सगळं सांगितल्याबरहुकूम. गुरुवारी स्वप्नाने एक चकती तोंडात टाकली आणि थुंकली. कच्च्या फळाचा चीक घशाला जो बसला तो चूळ भरली तरी जाईना. सगळे ट्रे तसेच. आठवड्याचा माल गेला.

स्वप्ना चिडली. साहजिक आहे. "तुला कळलं नव्हतं का हे कच्चे आहेत ते?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"रोजावरच्या बायने बोलायचं नसतं. सांगतील ते करायचं असतं." रूपीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. ती खरंच तसं मानून सांगत होती. पाच वर्षं तिने ज्या धंद्याला आपला म्हटलं त्यातून ती आठवड्यापूर्वी उठून बाहेर आली होती. जाताना कसला आवाजही केला नव्हता. स्वप्नाला तिथेच रडू आलं, आणि ते लपवायला ती खाली गेली.

शनिवारी तिने तास संपल्यावर गौरव सरांना गाठलं आणि आडून आडून नाही, सरळ सगळं सांगितलं. सरांनी ऐकलं. एरवी लगेच एखादा शब्द फेकतात, तो फेकला नाही. म्हणाले, "एक करा. तुमच्या धंद्यात दिवसभरात जे काही ठरवावं लागतं त्याची यादी करा. आणि प्रत्येकापुढे लिहा, कोण ठरवतं."

परतीच्या गाडीत तिने वही काढली. कोणता चिकू घ्यायचा, रूपी. कोणता परत पाठवायचा, रूपी. कधी कापायचा, किती जाड, ढग आल्यावर काढायचा की ठेवायचा, कधी वाळला म्हणायचा, रूपी, रूपी, रूपी. पाकिटाचा रंग, स्वप्ना. कोणत्या दुकानात द्यायचं, स्वप्ना. शेवटी तिला उधव्याची रिकामी झालेली पानं आठवली. जिथे आपण कधी गेलो नाही तिथे कुणी विकलं, ते लिहिलं आणि त्याच्यापुढेही तेच नाव लिहिलं. दोन वर्षं ती धंदा का वाढत नाही ते शोधत होती. वाढत होता की, तिला कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

सोमवारी ती रूपीच्या आधी गच्चीवर जाऊन उभी राहिली. रूपी आली, पदर खोचला, टोपलीपाशी बसली. स्वप्ना तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "रूपी, माझं चुकलं. त्या दिवशी मी बोलले होते आणि खरं बोलले होते. तू खरं धरलंस, मीच विसरले."

रूपीने एक चिकू उचलला, नख ओढलं, बघितलं. दुसरा उचलला. तिसरा. मग टोपली पायाने बाजूला सारली आणि म्हणाली, "आज नको." स्वप्नाला एवढं बरं वाटलं की ती उगाचच झाडू घेऊन गच्ची झाडायला लागली.

परीक्षा एप्रिलात झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर गृहस्थ होते, चेहऱ्यावरची माशीही न हलणारे. पहिल्याच पानावर संस्थापक म्हणून दोन नावं: स्वप्ना चुरी, रूपी वरठा. त्यांनी विचारलं, "या दुसऱ्या बाईंचं शिक्षण?"

"चौथी."

"त्यांनी धंद्यात काय घातलं?"

स्वप्नाने तालीम केलेलं सगळं बाजूला ठेवलं. "त्या 'आज नको' म्हणतात," ती म्हणाली. मागच्या बाकांवर पोरं हसली. तिने मग चिकाचा किस्सा सांगितला, पूर्ण, स्वतःच्या चुकीसकट, आणि पोरं हसायची थांबली. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लेखी आहे कुठे?"

"नाही. तोंडी आहे."

"मग तुमच्या कागदावर त्या तुमच्या मर्जीने आहेत. उद्या मर्जी फिरली की नाव पुसता येईल." त्यांनी पान उलटलं. मार्क दिले बेताचे. ती पास झाली आणि विष्णूने ते सगळ्या सिग्नल खात्याला सांगितलं.

स्वप्नाने मात्र परीक्षकांचं बोलणं मनाला लावून घेतलं. तिने ते जसंच्या तसं रूपीला सांगितलं. रूपी म्हणाली, "बरोबर बोलला तो. बोलून पाच वर्सं झाली, आता लिहा."

डहाणूत कोर्टाच्या रस्त्याला शितल नावाची तरुण वकील बसते, तिच्याकडे दोघी गेल्या. स्वप्ना निम्मं-निम्मं लिहायचं ठरवून आली होती. रूपीने मान हलवली. "तीन वाटे घाला. एक माझा, एक तुमचा, एक गच्चीचा. फुकटचं घेतलं तं उद्या मला 'आज नको' बोलता येनार नाय." स्वप्ना वाद घालायला गेली, पण शितल हसून म्हणाली, "राहू द्या ताई, त्यांचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे." आणि तिने मसुदा केला.

मग ती एकेक कलम मोठ्याने वाचून सोप्या शब्दांत सांगत गेली. रूपी दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत होती. एका ठिकाणी शितल थांबली. "मावशी, हे नीट ऐका हं. नफ्यात तुमचा तिसरा हिस्सा. पण तोटा झाला तर त्यातही तिसरा हिस्सा तुमचा. आत्तापर्यंत तुम्ही रोजावर होतात, तोट्याचं बघायला ताई होत्या. आता तसं नाही. हवं तर घरी विचारून या, घाई नाही."

"विचारायचं काय त्यात," रूपी म्हणाली. "तोट्यात मी पहिल्यापासनं हाय. पहिला माल काळा पडला त्या आठ दिवसांचा रोज मी मागितला नव्हता. नफ्याचं तेवढं लिवायचं राहिलंय, ते लिवा."

शितलने स्वप्नाकडे पाहिलं. स्वप्नाला ते आठ दिवस आठवत होते, काळ्या चकत्या आठवत होत्या, खड्डा खणलेला आठवत होता. रोज दिला की नाही, हे तिने पाच वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "हो, लिहा."

शितलने लिहिलं. रूपीने पेन घेतलं आणि चौथीतल्या अक्षरात, घाई न करता, आपलं पूर्ण नाव काढलं.